निर्वासित स्त्री, गर्भ आणि कायदा : १९४७ व १९७२ या दोन प्रसंगांचा विचार

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३१२ वे कलम गर्भपाताविषयीचे होते. स्त्रीचा जीव वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूखेरीज अन्य कोणत्याही कारणाने गर्भपात घडवून आणणाऱ्यास त्या कलमाने तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत, कारावासाची शिक्षा सांगितली होती. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीदेखील या कलमाच्या कक्षेत येते, असे स्पष्टीकरण कलमाखालीच जोडलेले होते. त्यापुढील ३१३ वे कलम अधिक कडक होते. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात केल्यास त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १९४७ च्या ऑगस्टात एका देशाचे दोन देश झाले, तेव्हा ही दोन्ही कलमे दोन्ही देशांत जशीच्या तशी लागू राहिली.

असे असता फाळणीनंतरच्या काळात शोधून परत आणलेल्या अपहृत स्त्रियांपैकी ज्या गर्भवती होत्या, त्यांतील अनेकींचे गर्भपात रुग्णालयांतून, शासनाच्या माहितीने व शासनाच्या खर्चाने, करण्यात आले. छावण्यांच्या बोलीत या प्रकाराला 'सफाया' असे नाव पडले होते. मराठीत सफाया होतो तो शत्रूच्या सैन्याचा, किंवा ताटातल्या पक्वान्नांचा. पंजाबात तो शब्द प्रथम झाडलोटीचा, स्वच्छतेचा आहे. दोन्ही अर्थ येथे लागू पडावेत, हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे.

ज्या कृत्यासाठी शासन इतर स्त्रियांना तुरुंगात धाडू शकत होते, तेच कृत्य ते या स्त्रियांच्या बाबतीत स्वतः घडवून आणीत होते. ही विसंगती प्रस्तुत निबंधाचा आरंभबिंदू आहे. निर्वासित स्त्रीला गर्भारपणात व बाळंतपणात वैद्यकीय साहाय्य केव्हा मिळाले, कोणत्या निमित्ताने मिळाले, आणि त्यात तिची इच्छा कितपत विचारात घेतली गेली, हे पाहावयाचे आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकणे बरे. तिच्या शरीरापासून दुसऱ्या कोणास, म्हणजे राष्ट्राच्या अब्रूस, कुळाच्या शुद्धतेस अथवा छावणीबाहेरील वस्तीच्या आरोग्यास, धोका आहे असे वाटले, तेथे साहाय्य तत्परतेने धावून आले. धोका केवळ तिचा तिलाच होता, तेथे ते फार उशिरा पोहोचले, अथवा पोहोचलेच नाही.

साधनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. शासकीय अहवालांतून किती स्त्रिया परत आणल्या याचे आकडे मिळतात. 'सफाया'चा उल्लेख तेथे शोधून सापडावयाचा नाही. त्याची माहिती आपल्यापर्यंत आली ती मुख्यत्वे स्त्रियांच्या तोंडून. कमळाबेन पटेल यांनी लाहोरच्या गंगाराम रुग्णालयातील छावणीत मृदुला साराभाई यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे त्या दिवसांच्या आठवणी गुजरातीत लिहिल्या. अनीस किदवाई यांनी दिल्लीत पुराना किल्ला व हुमायूनची कबर येथील मुस्लिम निर्वासितांच्या छावण्यांत काम केले. त्यांचे 'आज़ादी की छाँव में' हे उर्दू पुस्तक १९७४ साली निघाले. उर्वशी बुटालिया यांचा एक, व रितू मेनन आणि कमला भसीन यांचा एक, असे दोन ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि छावण्यांतील कार्यकर्त्या व निर्वासित स्त्रिया यांच्या मुलाखती अभ्यासकांपुढे आल्या. म्हणजे घटना व तिची इतिहासात झालेली नोंद यांत अर्धशतकाचे अंतर आहे. मौखिक साधनांविषयी आपल्या विभागांतून जी साशंकता आढळते, तिचा विचार करताना हे अंतर ध्यानात ठेवावे. येथे दप्तर गप्प आहे. ज्यांना बोलता आले असते त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही राष्ट्रांत करार झाला. १ मार्च १९४७ नंतरची सक्तीची धर्मांतरे व विवाह मानावयाचे नाहीत, आणि अपहृत स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना त्यांच्या त्यांच्या देशात पोहोचवावयाचे, असे त्यात ठरले. शासकीय अंदाज असा होता, की भारतात सुमारे ५०,००० मुस्लिम स्त्रिया व पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू व शीख स्त्रिया अशा अवस्थेत आहेत. हे अंदाज होते, गणना नव्हती. आणि ते कमी आहेत असे तेथे काम केलेल्या अनेकांस वाटे. शोधाचे काम जवळजवळ दशकभर चालले व दोन्ही बाजूंस मिळून सुमारे ३०,००० स्त्रिया परत पाठविण्यात आल्या.

भारतातील कामास कायद्याचा आधार मिळाला तो प्रथम १९४९ च्या जानेवारीतील अध्यादेशाने व पुढे त्याच वर्षीच्या ६५ व्या कायद्याने. या कायद्यातील 'अपहृत व्यक्ती'ची व्याख्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी अशी आहे. १ मार्च १९४७ च्या लगतपूर्वी मुस्लिम असलेला सोळा वर्षांखालील मुलगा, अथवा कोणत्याही वयाची स्त्री, त्या तारखेनंतर व १ जानेवारी १९४९ पूर्वी आपल्या कुटुंबापासून दुरावली असेल व अन्य व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या ताब्यात आढळेल, तर ती अपहृत होय. अशा स्त्रीस त्या तारखेनंतर झालेले मूलही तीत समाविष्ट होते. पुरुषाचे अज्ञानत्व सोळाव्या वर्षी संपत होते; स्त्रीचे कधीच संपत नव्हते. पन्नाशीची बाई असो वा दहा वर्षांची पोर असो, तिला कोठे जावयाचे आहे हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उद्भवतच नव्हता. घटना समितीत, विधिमंडळ या नात्याने झालेल्या चर्चेत, काही सदस्यांनी यावर आक्षेप घेतले. विधेयक तरीही संमत झाले. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात हा कायदा घटनेशी सुसंगत आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशी स्त्री ताब्यात घेणे म्हणजे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातील अटक नव्हे, असे न्यायालयाने १९५२ साली ठरविले. म्हणजे आरोपीला जी संरक्षणे असतात, तीही तिला नव्हती, कारण ती आरोपी नव्हती.

जिला कोठे राहावयाचे हे विचारण्यात येत नव्हते, तिला पोटातील गर्भाविषयी विचारले जाईल, ही अपेक्षाच फोल होती. तथापि येथे सावधपणे लिहिले पाहिजे. अनेक स्त्रियांना तो गर्भ नको होता यात शंका घेण्याचे कारण नाही. बलात्काराने लादलेला गर्भ वाढविण्याची सक्ती हीसुद्धा एक क्रूरता होय, आणि दंडसंहितेचे ३१२ वे कलम ती क्रूरता करीतच होते. ज्या स्त्रीने डॉक्टरांच्या हातापाया पडून सुटका मागितली असेल, तिच्या दृष्टीने त्या रुग्णालयाचे दार उघडे असणे हाच दिलासा होता. पण जी कोणाबरोबर दीड-दोन वर्षे राहिली, जिला ते घर बरेवाईट कसेही असो आपले वाटू लागले होते, जिला पोलिसांनी अंगणातून उचलून आणले, तिच्यासाठीही तेच दार व तोच उपचार होता. दोघींत फरक करण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे त्यांना विचारणे. ३१२ व ३१३ या दोन कलमांत जो फरक आहे तोही हाच. शासनाने एकाच वेळी दोन्ही कलमे बाजूस ठेवली. पहिले बाजूस ठेवल्याने काही स्त्रियांवर उपकार झाले. दुसरे बाजूस ठेवल्याने काय झाले, हे मोजण्याचे माप आपणापाशी नाही.

या शीघ्रतेचे मूळ कोठे होते? परत आलेल्या मुलींचा व सुनांचा स्वीकार करावा असे गांधीजींनी व नेहरूंनी लोकांस जाहीरपणे विनविले होते, कारण अनेक कुटुंबे त्यांस घरात घेण्यास तयार नव्हती. पुनर्वसन खात्यास तर एक पत्रक छापून वाटावे लागले. परपुरुषाचा संपर्क घडलेली स्त्री तीन ऋतुकालांनंतर शुद्ध होते, असे मनूच्या आधारे त्यात सांगितले होते, असे बुटालिया यांनी नमूद केले आहे. आपल्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस येथे देवलस्मृतीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. म्लेच्छांनी बळाने नेलेल्या स्त्रीची शुद्धी देवलाने सांगितली आहे: गर्भ राहिला नसेल तर तीन रात्रींत, आणि राहिला असेल तर प्रसूतीनंतर पुन्हा रजोदर्शन झाल्यावर, मग ती तावून काढलेल्या सोन्यासारखी शुद्ध होय. जन्मलेले मूल मात्र दुसऱ्यास द्यावे. म्हणजे ऋतुस्राव हाच शुद्धीचा दाखला. गर्भवती स्त्रीपाशी हा दाखला नसतो, म्हणून तिची अडचण होते. हे तर्कशास्त्र देवलाच्या काळी व १९४८ साली एकच होते. भेद एवढाच, की भ्रूणहत्या हे महापातक मानणाऱ्या परंपरेतील देवल नऊ महिने थांबावयास तयार होता, आणि विसाव्या शतकातील लोकशाही राष्ट्र थांबावयास तयार नव्हते. हे विधान कोणास कठोर वाटेल. पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवले असता दुसरा निष्कर्ष आम्हांस तरी काढता येत नाही.

ज्यांची सुटका उशिरा झाली व ज्यांचे दिवस भरत आले होते, त्यांच्या बाबतीत उपचार शक्य नव्हता. त्या काळच्या पद्धतीने तिसऱ्या महिन्यानंतर गर्भपात करणे हे रक्तस्राव व जंतुदोष यांच्या दृष्टीने जिवावरचे काम होते. अशा स्त्रिया बाळंत झाल्या, आणि मग मुलांचा प्रश्न उभा राहिला. आई एका देशाची व बाप दुसऱ्या देशाचा, मूल कोणाचे? आरंभीचे धोरण ते बापाच्या देशात ठेवण्याकडे झुकले होते. कमळाबेन व त्यांच्या सहकारी कार्यकर्त्यांनी यास विरोध केला, कारण अंगावर पिणारे मूल ओढून घेऊन आईला सीमेपार धाडणे त्यांना प्रत्यक्ष पाहावे लागत होते. शेवटी आईने मूल बरोबर जालंधरला आणावे व तेथे थोड्या दिवसांच्या मुदतीत ते ठेवावयाचे की नाही ते ठरवावे, अशी तोड निघाली. जालंधरचे गांधी वनिता आश्रम हे अशा स्त्रियांचे मोठे आश्रयस्थान होते. या सर्व यंत्रणेत आईच्या इच्छेस प्रथम जागा मिळाली ती येथे, बाळ जन्मल्यानंतर. ती मिळवून देणाऱ्याही स्त्रियाच होत्या, हे विसरता कामा नये. साराभाई यांच्या सक्तीच्या धोरणावर पुष्कळ टीका झाली आहे व ती बऱ्याच अंशी रास्त आहे. पण त्याच यंत्रणेच्या पोटात तिला विरोध करणाऱ्या बायका होत्या.

आतापर्यंत लिहिले ते अपहृत स्त्रियांविषयी. त्या संख्येने थोड्या होत्या. लक्षावधी निर्वासित स्त्रियांचे अपहरण झाले नव्हते; त्या नवऱ्याबरोबर, सासूबरोबर, पोरांना कडेवर घेऊन आल्या, आणि त्यांच्यापैकी कितीतरी पोटुशी होत्या. कुरुक्षेत्राच्या एकट्या छावणीत १९४७ च्या अखेरीस सुमारे तीन लक्ष माणसे राहत होती. एवढ्या वस्तीत दररोज बाळंतपणे व्हावयाचीच. त्या काळी भारतातील बहुसंख्य बाळंतपणे घरीच होत, रुग्णालय हा अपवाद होता. तेव्हा छावणीत रुग्णालय नसणे ही काही नवी उणीव नव्हे, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे वरवर बरोबर दिसते. पण घरच्या बाळंतपणात घर होते. पहिलटकरीण माहेरी जाई. ओळखीची सुईण असे. अंधारी का होईना, बाळंतिणीची स्वतंत्र खोली असे. शेक-शेगडी, डिंक-मेथी, सव्वा महिन्याची विश्रांती असे. पंजाबी व सिंधी घरांतही नावे निराळी असली तरी ही व्यवस्था होतीच. निर्वासित होणे म्हणजे ही सारी व्यवस्था एका रात्रीत नाहीशी होणे. माहेर सीमेपलीकडे राहिले, सुईण दुसऱ्या काफिल्यात गेली, आणि उरला तो तंबू. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रीस रुग्णालयाची जेवढी गरज असते, त्याच्या अनेक पट गरज घर गमावलेल्या स्त्रीस असते; एवढी साधी गोष्ट छावण्यांची आखणी करणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही.

मुंबई राज्यातील उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. कराचीहून बोटींनी आलेल्या सिंधी निर्वासितांपैकी सुमारे एक लक्ष लोकांस कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी त्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत, आणि मध्ये आडोसा असेल तो गोणपाटाचा वा जुन्या साडीचा. सैनिक बाळंत होत नाहीत. बराकीच्या नकाशात त्यासाठी जागा असण्याचे कारण नव्हते. सिंधमध्ये अपहरणाचे प्रमाण पंजाबच्या मानाने फारच थोडे होते, त्यामुळे शोधपथके, करार, कायदा, न्यायाधिकरण यांपैकी काहीही या स्त्रियांच्या वाट्यास आले नाही. हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे. पण त्याबरोबरच त्यांच्या गर्भारपणाकडे राज्यसंस्थेने पाहण्याचे निमित्तही नाहीसे झाले. ज्या गर्भाने राष्ट्राची अब्रू जात नव्हती, त्याची फाईल उघडली गेली नाही.

छावणीत वैद्यक नव्हते असे मात्र नाही. पटकीची व देवीची लस टोचणारी पथके होती, पाण्यात औषध टाकणारे होते, आणि त्यांनी असंख्य प्राण वाचविले. साथ छावणीचे कुंपण ओलांडून बाहेर जाते. म्हणून साथीच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जातात. बाळंतपणात अडलेली स्त्री ज्या तंबूत अडते, त्याच तंबूत मरते. छावणीच्या वैद्यकाची जडणघडण साथीच्या भयातून झाली, आणि साथीच्या नोंदवहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

यानंतरची दोन दशके वेगाने ओलांडू. दंडसंहितेतील ३१२ व्या कलमाचा पुनर्विचार भारतात सुरू झाला तो १९६४ साली नेमलेल्या समितीपासून. महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा हे तिचे अध्यक्ष होते. अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. त्या वेळी केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर, १९४७ च्या ऑगस्टात गांधीजींनी ज्यांना पश्चिम पंजाबातील वाह येथील निर्वासित छावणीत ठेवून पुढचा प्रवास केला, त्याच या. समितीच्या विचाराचा रोख होता तो चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांकडे. या अहवालावर आधारलेल्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यास १० ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. बलात्कारातून राहिलेल्या गर्भामुळे स्त्रीच्या मनःस्वास्थ्यास गंभीर इजा होते असे गृहीत धरावे, असे या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. १९४८ साली जे कायद्यावाचून झाले, त्यास तेवीस वर्षांनी कायदा मिळाला, आणि त्यात स्त्रीची संमती आवश्यक ठरली.

या संमतीची तारीख विचार करण्याजोगी आहे. २५ मार्च १९७१ नंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचा लोंढा भारतात येऊ लागला होता. वर्षअखेरीस त्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली, आणि पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम व मेघालय यांत आठशेच्यावर छावण्या उभ्या राहिल्या. त्यांत अत्याचारित स्त्रिया किती होत्या हे कोणी मोजले नाही. पण त्या होत्या. नव्या कायद्याचा अंमल मात्र १ एप्रिल १९७२ पासून सुरू झाला. १९७२ च्या २५ मार्चपर्यंत जवळजवळ सर्व निर्वासित स्वदेशी परतले होते. भारत शासनाच्या अंदाजाने तेव्हा येथे सुमारे ६०,००० च उरले होते. आठवडाभराच्या अंतराने कायदा व ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्या स्त्रिया यांची चुकामूक झाली. हेतुपुरस्सर कोणी केले असे नव्हे. निर्वासित स्त्री त्या कायद्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती, एवढेच यावरून म्हणता येते.

या छावण्यांतही वैद्यकाने मोठा पराक्रम केला, आणि तोही साथीच्या क्षेत्रात. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे रोगी वाचविले; मृत्यूचे जे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. जगभरच्या बालकांना पुढे याचा लाभ झाला. छावणीतून जगाला मिळालेली ही देणगी नाकारावयाची नाही. प्रसूतीच्या बाबतीत असे काही १९७१ च्या छावण्यांतून निघाले नाही.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि १९४८ चा प्रसंग नव्या राष्ट्रात पुन्हा उभा राहिला. नव्या शासनाने अत्याचारित स्त्रियांना 'वीरांगना' ही पदवी दिली. १९७२ च्या आरंभी न्यायमूर्ती सोबहान यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांच्या पुनर्वसनासाठी मंडळ स्थापन झाले. दोन लक्ष, चार लक्ष असे आकडे सर्वत्र दिले जातात. ते गणनेतून आलेले नाहीत, आणि मंडळाची कागदपत्रेही फारशी उरलेली नाहीत. ३१२ वे कलम, जे येथेही तेच होते, या स्त्रियांपुरते शिथिल करण्यात आले. पंजाबात जे गुपचूप झाले ते येथे उघडपणे झाले. हा फरक लहान नव्हे. मुंबईत १९५२ साली भरलेल्या परिषदेत जिची स्थापना झाली त्या आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाने साहाय्य पाठविले. सिडनीचे डॉ. जेफ्री डेव्हिस सुमारे सहा महिने तेथे राबले. दिवस बरेच गेलेल्या स्त्रियांवर उपचार करण्याचा अनुभव ही त्यांची विशेष पात्रता होती. कारण येथेही तोच शत्रू होता: उशीर. लष्करी तळांवरून सुटका होईपर्यंत अनेकींना पाचवा-सहावा महिना लागला होता, आणि ज्या गावी होत्या त्यांनी वैद्य येण्याची वाट न पाहता गावच्या दाईचा रस्ता धरला होता.

मुलांच्या बाबतीत तर देवलाचीच आठवण व्हावी. मंडळाच्या कामात असलेल्या नीलिमा इब्राहिम यांनी 'आमि वीरांगना बोलछि' या आपल्या बंगाली पुस्तकात एक आठवण नोंदविली आहे. या मुलांचे काय करावयाचे असे त्यांनी शेख मुजीब यांना विचारले, तेव्हा दूषित रक्त आपणास देशात ठेवावयाचे नाही, त्यांना बाहेर पाठवा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. १९७२ सालीच परित्यक्त बालकांविषयी विशेष आदेश निघाला, आणि जुलैमध्ये पंधरा बालकांची पहिली तुकडी दत्तक म्हणून कॅनडास गेली. मदर तेरेसा यांनी गर्भपात करू नका, मुले आम्हांस द्या असे आवाहन केले होते. गर्भपात करणारे आणि तो करू नका म्हणणारे, दोघांची भूतदया खरी होती. काही मातांना मूल नको होते, काहींना हवे होते, आणि हवे असलेल्या काहींकडूनही ते घेण्यात आले.

तथापि १९७२ चा एक परिणाम १९४८ ने मागे ठेवला नव्हता असा आहे. वैद्यांनी आणलेली हातपंपाने गर्भाशय रिकामे करण्याची सोपी पद्धती देशात राहिली. १९७४ साली शासनाने ती मर्यादित प्रमाणावर सुरू केली व १९७९ पासून राष्ट्रीय कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात घातली. कायदा बदलला नाही, नाव बदलले. पाळी चुकलेल्या स्त्रीची 'पाळी नियमित करणे' असे तिचे नामकरण झाले, आणि गर्भ असल्याची चाचणी न करता केलेला उपचार ३१२ व्या कलमात बसत नाही असा अर्थ लावण्यात आला. कायदेपंडितांना ही पळवाट वाटेल. खेड्यातील आरोग्यसेविकेच्या हाती मात्र तिच्यामुळे एक साधन आले.

जागतिक पातळीवर या विषयास नाव मिळाले ते आणखी वीस वर्षांनी. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा करारात छळाची कारणे म्हणून वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यांचा उल्लेख आहे, स्त्रीत्वाचा नाही. बोस्निया व रुआंडा येथील हत्याकांडांच्या पार्श्वभूमीवर १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत विस्थापित स्त्रियांच्या प्रजननविषयक आरोग्याचा स्पष्ट उल्लेख झाला. १९९५ च्या जूनमध्ये जिनिव्हात परिसंवाद भरला, आणि १९९९ साली छावण्यांत काम करणाऱ्यांसाठी एक हस्तपुस्तिका निघाली. संकटाच्या पहिल्या दिवसापासून काय हाताशी असलेच पाहिजे याची त्यात यादी आहे. तिच्यातील सर्वांत साधी वस्तू म्हणजे प्रसूतीची पुडी: प्लास्टिकचा तुकडा, साबण, नाळ बांधावयाचा दोरा व नवे पाते. कुरुक्षेत्राच्या तंबूंतही ही पुडी देता आली असती. तिच्यात असे काहीही नाही जे १९४७ साली उपलब्ध नव्हते. प्लास्टिकच्या जागी मेणकापड चालले असते.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लक्षांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. त्यांतील अनेक स्त्रियांवर तेथील सैनिकांनी अत्याचार केले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत छावण्यांतील दवाखान्यांतून त्यांच्यासाठी पाळी नियमित करण्याची सेवा सुरू झाली. ती इतक्या लवकर सुरू होऊ शकली, कारण साधने, शिकलेल्या परिचारिका व शासनाची मान्यता या तिन्ही गोष्टी त्या देशात १९७९ पासून होत्या. परकी बायकांसाठी नवा अपवाद करावा लागला नाही. उपचाराची मर्यादा दहा ते बारा आठवड्यांची आहे. डोंगर व नाफ नदी ओलांडून ज्या त्यापूर्वी पोहोचल्या त्यांना तो मिळाला. त्यानंतर आलेल्यांपैकी कितीतरी जणी १९४८ च्या मे-जूनमध्ये बाळंत झालेल्या पंजाबातील स्त्रियांप्रमाणेच, २०१८ च्या मे-जूनमध्ये बांबूच्या झोपड्यांत बाळंत झाल्या. भारतातील दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी रद्द झाली आणि ३१२ वे कलम नव्या संहितेत ८८ वे झाले. बांगलादेशात ते आपल्या जुन्या क्रमांकासह आहे, आणि छावणीतील शासकीय कागदांवर त्या उपचाराचे नाव 'पाळी नियमित करणे' असेच लिहिले जाते.